पंगतीतले पान

नगरहून मनमाडच्या रस्त्याला लागावे आणि विळद घाट मागे टाकावा, की तासाभराच्या आत राहुरी येते. आज राहुरी म्हटले की लोकांस ऊस आठवतो, मुळा धरण आठवते आणि महात्मा फुले यांच्या नावाचे कृषी विद्यापीठ आठवते. १९३६ साली ते धरणही नव्हते आणि विद्यापीठही नव्हते. त्या वर्षी या गावी एक निराळीच संस्था निघाली. तिला इंग्रजीत ‘मॅड आश्रम’ म्हणत. आपल्या भाषेत सांगावयाचे तर वेड्यांचा आश्रम. नगरजवळच्या अरणगावाशी ज्यांचे मेहेराबाद वसले होते त्या मेहेरबाबांनी तो काढला, आणि १९३७ साली तो तेथून मेहेराबादेस हलविला. वर्षभराचासुद्धा हा कारभार नव्हे. तथापि नगर जिल्ह्याच्या इतिहासातले हे प्रकरण मला किल्ल्यांच्या आणि निजामशाहीच्या हकिकतींइतकेच मोलाचे वाटते, आणि त्याचे कारण आजचे आहे.

ज्यांचे मन चारचौघांसारखे चालत नाही त्यांना चारचौघांच्या बरोबरीने वागवावे काय, आणि तसे वागविलेले त्यांना स्वतःला हवे असते काय, हा प्रश्न आज जगभर विचारला जातो आहे. विशेषतः ज्यांना स्वमग्न किंवा ऑटिस्टिक म्हणतात अशा मुलामाणसांच्या बाबतीत तो फार जोराने पुढे आला आहे. राहुरीस तो कोणी विचारला नव्हता. पण त्या प्रश्नाला लागणारी सगळी सामग्री तेथे एका आवारात जमली होती.

मेहेरबाबा म्हणजे पुण्यात १८९४ साली जन्मलेले मेरवान शेरियार इराणी. त्यांच्या आध्यात्मिक अधिकाराबद्दल येथे काही बोलावयाचे नाही; ज्याची श्रद्धा त्याच्यापाशी. आपणांस पाहावयाचे आहे ते राहुरीतले रोजचे वर्तन. बाबांची माणसे गावोगाव हिंडत. बाजारात, दर्ग्याच्या पायरीशी, स्टेशनावर कोणी स्वतःशीच बोलत बसलेला, चिंध्या गुंडाळलेला, हाकेला ओ न देणारा माणूस दिसला की त्याची विचारपूस करीत आणि त्याला राहुरीस आणीत. तेथे या माणसांना न्हाऊ घालणे, त्यांना जेवू घालणे, त्यांचे संडास साफ करणे ही कामे बाबा स्वतःच्या हाताने करीत. १९३६ सालचा महाराष्ट्र डोळ्यांपुढे आणा. ज्याच्या दर्शनाला देशोदेशीची माणसे येतात असा पुरुष पहाटे एका अनोळखी पिशाला चोळून आंघोळ घालतो आहे, आणि त्याचा शौचकूपही धुतो आहे. त्या काळी हे काम कोणाच्या वाट्याला टाकले जात असे ते सांगावयास नको.

पुढच्या काळात असे आश्रम अजमेर, जबलपूर, बंगलोर येथेही निघाले. विल्यम डंकिन नावाच्या एका इंग्रज डॉक्टराने या सर्व खटाटोपाची तपशीलवार नोंद करून ‘द वेफेरर्स’ हा ग्रंथ लिहिला आणि तो १९४८ साली प्रसिद्ध झाला. हा डॉक्टर बाबांचा भक्त होता, हे विसरून चालणार नाही. पण त्याची नजर डॉक्टराची होती. कोण कसा चालतो, काय मागतो, कशाने बिथरतो, कोठे बसला म्हणजे शांत होतो, हे त्याने एकेका माणसाचे टिपून ठेवले आहे. मला तरी त्यातले तत्त्वज्ञान वाचताना डुलकी येते आणि हे टिपण वाचताना जाग येते.

या मंडळींत बाबा दोन जाती करीत. एक साधे वेडे, आणि दुसरे ‘मस्त’, म्हणजे ईश्वराच्या प्रेमात भान हरपलेले. वेड्याचे मन भलत्या वेगाने धावते आणि मस्ताचे मन अगदी मंद चालते, असा त्यांचा खुलासा होता. मस्तांचा मान मोठा. त्यांच्या लहरी पुरवावयाच्या, त्यांनी मागितले ते द्यावयाचे, त्यांना रागवू द्यावयाचे नाही. १९३६ साली रत्नागिरीकडून आणलेला महंमद हा त्यांतलाच एक. तो सदा वाकून जमिनीकडे पाहत असे आणि काही तरी शोधीत असे. जे शोधावयाचे त्याला त्याने स्वतःच नाव ठेवले होते: ‘दीश’. हा शब्द कोणत्या कोशात सापडावयाचा नाही. तो महंमदचा शब्द. मेहेरबाबांनी ३१ जानेवारी १९६९ रोजी देह ठेवला, त्यानंतरही महंमद मेहेराबादेस राहिला आणि २००३ साली तेथेच वारला. म्हणजे सदुसष्ट वर्षे या माणसाला आपल्या जिल्ह्याने त्याच्या शब्दासकट सांभाळले. त्याला कोणी ‘नीट उभा राहा’ म्हणून दुरुस्त केले नाही, हे मी मोठ्या गोष्टींत धरतो.

परंतु दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आंघोळ हवी की नको, राहुरीस यावयाचे की आपल्या बाजारातच राहावयाचे, हे त्या माणसांच्या इच्छेवर फारसे नसे. आपण हे त्यांच्या रोगावर उपाय म्हणून करीत नसून आपल्या आध्यात्मिक कार्यासाठी करतो, असे बाबाच सांगत. सेवा खरी, प्रेम खरे. तरी हा व्यवहार बरोबरीचा नव्हता. ज्याला आपण डोक्यावर घेतो तो आपल्या शेजारी बसलेला नसतो.

आणि डोक्यावर घेण्याची ही रीत आपल्याकडे काही १९३६ साली निघाली नाही. मराठी गद्याच्या अगदी आरंभीच ती भेटते. गोदाकाठच्या म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस ऋद्धिपूरच्या गुंडम राऊळांचे चरित्र लिहिले. हे महानुभावांचे गोविंदप्रभू, चक्रधरस्वामींचे गुरू. त्या चरित्रातले राऊळ एखाद्या वस्तूशी तासन् तास खेळतात, कोणाच्याही घरात शिरतात, वाटेल त्याच्या हातचे खातात, एकदम रागावतात, एकदम हसतात, अस्पृश्यांच्या वस्तीत बेलाशक वावरतात. गावकरी एका तोंडाने त्यांना वेडे म्हणतात आणि दुसऱ्या तोंडाने त्यांना आईबाप म्हणून हाक मारतात. म्हाइंभटांनी दोन्ही बोल जसेच्या तसे लिहून ठेवले, ही त्यांची थोरवी. त्याच सुमारास, १२९० साली, आपल्या जिल्ह्यातल्या नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली. तिच्या तेराव्या अध्यायात ज्ञानी पुरुष आपले मोठेपण झाकण्यासाठी पिसेपण आवडीने मिरवितो, असे वर्णन आहे. वेड्याच्या आत शहाणा दडलेला असू शकतो ही शंका तेव्हापासून मराठी मनात बसली. एकोणिसाव्या शतकात शिर्डीच्या पडक्या मशिदीत एक फकीर येऊन राहिला, त्यालाही गावाने आधी वेडा फकीरच म्हटले. पुढे १९१८ साली विजयादशमीला तो निवर्तला तेव्हा त्याच गावकऱ्यांचे तो सर्वस्व झाला होता.

येथे एक इशारा देणे जरूर आहे. हल्ली कोणी कोणी जुन्या चरित्रांत शिरून गुंडम राऊळांना किंवा राहुरीच्या मस्तांना आजचे रोगनाम चिकटवू पाहतात. तसे करू नये. सातशे वर्षांपूर्वीच्या माणसाची तपासणी होत नाही, आणि एखाद्याच्या भक्तीच्या विषयाला निदानाच्या तक्त्यात बसविणे हे इतिहासाचे काम नव्हे. मला दाखवावयाचे आहे ते त्यांच्याविषयी नसून आपल्याविषयी आहे. चाकोरीबाहेरचे मन दिसले की आपल्या समाजाला दोनच जागा सुचत आल्या: देव्हारा, नाही तर साखळदंड.

साखळदंडाची हकिकत थोडक्यात सांगतो, कारण ती रम्य नाही. राहुरीचा आश्रम चालू होता तेव्हा देशात १९१२ सालचा लुनसी ॲक्ट अमलात होता. त्या कायद्याच्या व्याख्येत उपजत मंद बुद्धीचा आणि पुढे वेड लागलेला असे दोघेही एकाच शब्दात कोंबलेले होते. असा माणूस मोकाट फिरताना किंवा धोकादायक दिसला तर पोलिसाने त्याला मॅजिस्ट्रेटपुढे उभे करावे आणि मॅजिस्ट्रेटने हुकूम देऊन वेड्यांच्या इस्पितळात पाठवावे. म्हणजे एकाच तालुक्यात, एकाच रस्त्यावर, एकाच माणसाला बाबांची माणसे आधी भेटली तर त्याचे पाय धुतले जाणार, आणि शिपाई आधी भेटला तर त्याची रवानगी होणार. हा कायदा पुढे १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने, तोही अंमल सुरू झाला तेव्हा म्हणजे १९९३ साली, एकदाचा संपला.

आता मेहेरबाबांच्या आयुष्यातली एक गोष्ट, जिच्याकडे या दृष्टीने पाहावे असे मला फार वाटते. १० जुलै १९२५ रोजी मेहेराबादेस त्यांनी मौन धरले आणि ते शेवटपर्यंत सोडले नाही. चव्वेचाळीस वर्षांच्या आसपास हा माणूस बोलला नाही. १९२७ पासून १९५४ पर्यंत ते इंग्रजी अक्षरे लिहिलेल्या एका फळीवर बोट फिरवीत. जवळचा कोणी ती अक्षरे जुळवून वाक्य म्हणून दाखवी. पुढे फळीही गेली, नुसत्या हाताच्या खुणा राहिल्या. मोठमोठे वकील, डॉक्टर, परदेशी बायापुरुष त्या बोटाकडे टक लावून पाहत बसत. ‘लवकर बोला’ असे त्यांना कोणी म्हटले नाही. आणि आपल्या घरी चार वर्षांचे पोर बोलत नाही म्हटल्यावर काय होते? पाहुणा येतो, ‘नाव सांग पाहू बाळ’ म्हणतो, तीन श्वास थांबत नाही, आणि आईकडे वळून विचारतो, ‘याला ऐकू येते ना?’ आज पुष्कळ न बोलणारी स्वमग्न मुले चित्रांच्या पत्त्यांनी, फळीने किंवा हातातल्या टॅब्लेटने आपले म्हणणे सांगतात. व्रताच्या मौनासाठी जो सबुरीचा साठा आपण खर्चितो त्याचा शतांश जरी या मौनासाठी काढला, तर केवढे काम होईल!

‘स्वमग्न’ हा शब्दच पाहा. आत्ममग्न, ध्यानमग्न हे शब्द आपण साधूंना वाहतो आणि हात जोडतो. स्वमग्न म्हटले की फाइल घेऊन दवाखान्याचा जिना चढू लागतो. मूळ ‘ऑटिझम’ हा शब्द स्वित्झर्लंडच्या ब्लॉइलर या मनोवैद्याने विसाव्या शतकाच्या आरंभी घडविला, तोही निराळ्या आजाराच्या एका लक्षणासाठी. मॉस्कोत ग्रुन्या सुखारेवा या डॉक्टरीणबाईंनी १९२५ च्या सुमारास अशा मुलांची वर्णने छापली. त्यांचे नाव जगाने कितीतरी वर्षे घेतले नाही. मग १९४३ साली, म्हणजे राहुरीचा आश्रम उठल्यावर सहा वर्षांनी, अमेरिकेत बाल्टिमोर येथे लिओ कॅनर यांनी अकरा मुलांच्या हकिकती प्रसिद्ध केल्या आणि त्यांच्या वर्तनाचा एक स्वतंत्र गट मानला. माणसांच्या डोळ्याला डोळा न देणारी, ठरल्या क्रमात बदल झाला की कासावीस होणारी, एकच गोष्ट पुनःपुन्हा करणारी ही मुले. पुढच्या वर्षी व्हिएन्नात हान्स आस्परगर यांनीही तशाच मुलांवर लिहिले. त्यानंतरची वीस-पंचवीस वर्षे मात्र फार वाईट गेली. आईच्या थंडपणामुळे मूल असे होते असा एक निराधार समज पंडितांनी पसरविला आणि हजारो मातांच्या माथी तो मारला. आपल्याकडे पंडित नसतील तेथे ते काम सासरच्या मंडळींनी केले.

कॅनरच्या अकरांतले पहिले मूल डॉनल्ड. त्याची पुढची कथा मला येथे सांगावीशी वाटते. मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट नावाच्या लहानशा गावचा हा मुलगा. लहानपणी त्याला एका संस्थेत ठेवले होते; आईबापांनी वैद्यांचा सल्ला मोडून त्याला घरी आणले. तो शाळेत गेला, कॉलेजात गेला, बँकेत नोकरीला लागला, मोटार चालवावयास शिकला, गॉल्फ खेळू लागला, एकटाच देशोदेशी हिंडून आला. २०२३ साली तो वारला तेव्हा नव्वदीच्या उंबरठ्यावर होता. बरा झाला होता काय? मुळीच नाही. त्याचे विचित्रपण अखेरपर्यंत तसेच होते. गावाला त्याची सवय झाली होती, एवढेच. अर्थात बँकेत त्याच्या घराण्याचा शब्द चाले, आणि गोऱ्या सधन घरातल्या मुलाला जे विचित्रपण खपले ते त्याच गावातल्या काळ्या मजुराच्या मुलाला खपले असते काय, हा प्रश्न उरतोच. आपणही तो आपल्या गावापुरता विचारून पाहावा.

भारतातल्या कायद्याने या मुलांची ओळख फार उशिरा करून घेतली. १९९५ च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यात सात प्रकार होते. त्यांत स्वमग्नता नव्हती. दिल्लीत मेरी बरुआ नावाच्या एका आईने त्याच दशकात ‘ॲक्शन फॉर ऑटिझम’ ही संस्था उभी केली. पुढे पुण्यामुंबईसही पालकांनी आणि डॉक्टरांनी केंद्रे काढली. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ऑटिझम हा शब्द आला. संयुक्त राष्ट्रांच्या अपंगांच्या हक्कांच्या करारनाम्याला भारताने २००७ साली मान्यता दिली आणि त्याला अनुसरून २०१६ साली नवा कायदा झाला. त्यात एकवीस प्रकार आहेत, स्वमग्नता त्यांत आहे, आणि इतरांच्या बरोबरीने समानता, सन्मान आणि सचोटीचा आदर मिळण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत लिहिला आहे. याच सुमारास सरकारदरबारी ‘अपंग’ जाऊन ‘दिव्यांग’ आला. भावना चांगली असेल. पण अनेक अपंग कार्यकर्त्यांनी हरकत घेतली, की आमच्यात दिव्य काही नाही, आम्हांला पुन्हा देव्हाऱ्यात बसवू नका, जिन्याला उतार करून द्या. राहुरीची आठवण व्हावी असेच हे बोलणे आहे.

तर मग बरोबरी म्हणजे काय? आपल्याकडे तिचे माप पंगत. एका पंगतीत बसणे ही बरोबरी आणि एका पंगतीत दोघांना दोन तऱ्हांनी वाढणे हा पंक्तिप्रपंच; त्यासारखे पाप नाही असे आमच्या आजीचे मत होते. पण तीच आजी लहान मुलाच्या पानात तिखटाविना आमटी वाढी, दात पडलेल्या आजोबांचा भात मऊ कालवून देई, मधुमेहाच्या मामांच्या पानावरून जिलबी पुढे नेई. त्याला कोणी पंक्तिप्रपंच म्हणत नसे. उलट सगळ्यांना एकाच मापाने तिखट वाढले असते तर आजोबा उपाशी उठले असते. न्यायालयाला हेच निराळ्या भाषेत सांगावे लागले. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी, लिहिताना हात आखडणाऱ्या एका उमेदवाराच्या खटल्यात, न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने सर्वोच्च न्यायालयात निकाल दिला, की परीक्षेस लेखनिक देणे ही मेहेरबानी नव्हे, अशी वाजवी सोय हा समानतेचाच भाग आहे. तरी परीक्षेला तासामागे वीस मिनिटे जास्त मिळालेल्या मुलाकडे शेजारच्या बाकावरचा पालक कसा पाहतो ते ज्याने पाहिले आहे त्याला कायदा आणि मन यांमधले अंतर ठाऊक असेल.

आता त्या माणसांचेच ऐकू. १९९० नंतर जगाच्या इतिहासात प्रथमच स्वमग्न माणसे संघ करून स्वतःविषयी बोलू लागली. १९९३ साली कॅनडात टोरांटो येथील एका परिषदेत जिम सिंक्लेअर या स्वमग्न वक्त्याने जमलेल्या पालकांना सांगितले, की आमच्यासाठी शोक करू नका; तुम्ही जे मूल कल्पिले होते ते आले नाही याचे दुःख तुमचे आहे, ते आमच्या दारात घेऊन येऊ नका. पालकांना हे फार झोंबले, आणि झोंबावे असेच होते. याच मंडळींनी आपल्यासारख्यांसाठी एक नाव काढले: ‘न्यूरोटिपिकल’, म्हणजे रूढ धाटणीच्या मेंदूची माणसे. मौज अशी, की आजवर नावे ठेवणारे आपण होतो. हे नाव आपल्याला ठेवले गेले. पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला थोडा रागच आला होता, आणि मग त्या रागाची लाज वाटली.

त्यांच्या म्हणण्याला पुढे अभ्यासाचीही जोड मिळाली. इंग्लंडमधल्या डेमियन मिल्टन या स्वमग्न अभ्यासकाने २०१२ साली असा मुद्दा मांडला, की स्वमग्न माणसाला दुसऱ्याचे मन कळत नाही असे आपण म्हणतो, पण दुसऱ्यालाही त्याचे कोठे कळते? न कळणे दुहेरी आहे. २०२० साली कॅथरिन क्रॉम्प्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या ‘कानगोष्टी’च्या खेळासारखा एक प्रयोग प्रसिद्ध केला. एकाने दुसऱ्याला गोष्ट सांगावयाची, त्याने तिसऱ्याला. सगळी साखळी स्वमग्न माणसांची असेल तर गोष्ट तितकीच नीट पोहोचली जितकी ती रूढ धाटणीच्या साखळीत पोहोचली. मिश्र साखळीत मात्र ती जास्त गळाली. म्हणजे खोट एका बाजूची नसून मधल्या सांध्यात आहे.

मग त्यांना बरोबरी हवी काय? जी बोलतात, लिहितात, ती बहुतेक म्हणतात: हक्क बरोबरीचे हवेत, वागणूक एकसारखी नको. नोकरी द्या, पण कचेरीतला तो फडफडणारा दिवा काढा. मैत्री करा, पण मिठी मारण्यापूर्वी विचारा. काही जण याहून पुढे जातात, की आमच्यात दुरुस्त करण्यासारखे काही नाहीच. आणि येथे एक आई उठून विचारते: माझा मुलगा एकवीस वर्षांचा आहे, बोलत नाही, रात्र रात्र झोपत नाही, डोके भिंतीवर आपटतो, सभा गाजविणारा हा गृहस्थ त्याच्या वतीने कसा बोलतो? या आईला गप्प करणारे उत्तर माझ्यापाशी नाही, आणि कोणापाशी असेल तर त्याने जरा तिच्या घरी रात्रपाळी करून यावे. पण तिच्या मुलाच्या डोके आपटण्यातही एक म्हणणे असते, दुखते आहे, आवाज असह्य होतो आहे, किंवा हे नको आहे. हे ओळखावयास तीच पहिली शिकली आहे. प्रश्न विचारला जातोच. उत्तर निराळ्या अक्षरांत येते.

ही चर्चा केवळ तात्त्विक नाही. मूल अठरा वर्षांचे झाले की कायद्याने ते सज्ञान होते आणि आईबापाची सही त्याच्या वतीने चालेनाशी होते. बँकेचे खाते, शेताचा सातबारा, शस्त्रक्रियेची संमती, सगळे अडते. १९९९ च्या कायद्याने यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती ठेवली, तिच्याकडे अर्ज करून पालकत्व घ्यावयाचे. नगरचे, आता २०२४ पासून अहिल्यानगरचे, पालकही याच वाटेने जातात. त्यावर २०१६ चा कायदा म्हणतो, की अपंग व्यक्तीला इतरांसारखीच कायदेशीर योग्यता आहे. पालकत्व लागलेच तर ते मर्यादित असावे, ठराविक निर्णयापुरते, ठराविक मुदतीपुरते, आणि त्या व्यक्तीशी विचारविनिमय करून. एक कायदा म्हणतो त्याच्यासाठी ठरवा, दुसरा म्हणतो त्याच्याबरोबर ठरवा. ‘आमच्यामागे याचे कोण?’ ही धास्ती घेऊन कचेरीच्या बाकावर बसलेल्या बापाला पहिला कायदा सोपा वाटतो, यात त्याचा दोष नाही. पण त्या बाकावर त्याच्या शेजारी मुलगाही बसलेला असतो, आणि कागद पुढे सरकविताना कारकुनाने त्याच्याकडे एकदा तरी पाहावे, इतके दुसऱ्या कायद्याचे मागणे आहे.

नगरजवळच डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे या दांपत्याने रस्त्यावर टाकून दिलेल्या मनोरुग्ण स्त्रियांसाठी घर चालविले आहे. त्यांचे दुखणे निराळे, स्वमग्नतेशी त्याची गल्लत करू नये. पण तेथे त्या स्त्रियांना ‘माउली’ म्हणतात, हे ऐकून मला राहुरीची आठवण झाली आणि थोडी धास्तीही वाटली, की हाही देव्हाराच की काय. तेथे स्त्रियांना आंघोळ घातली जाते, जखमा धुतल्या जातात, औषध दिले जाते, त्यांच्या मुलांना वाढविले जाते. वारीत कोणीही कोणालाही माउली म्हणते, हे मग ध्यानात आले. ही हाक वरची नाही, बरोबरीचीच आहे.

फराळाच्या ताटाशी बसून हे वाचणाऱ्यांच्या घरीही एखादे असे मूल असेल, निदान शेजारी असेलच. आमच्या नात्यात आहे. नऊ वर्षांचा आहे, बोलत नाही. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी लवंगी माळ लागली की तो आतल्या खोलीत गादीच्या आणि भिंतीच्या फटीत शिरे, आणि आम्ही मोठी माणसे ‘भित्रा आहे’ म्हणून हसत असू. आतषबाजी त्याच्या कानाला कशी लागत असेल हे आम्हांला त्याच्या आईने सांगेपर्यंत सुचले नाही. मागच्या वर्षापासून आमच्या वाड्यात फटाके बंद झाले. गल्लीतले बंद करण्याइतके आमचे वजन नाही. पाडव्याच्या जेवणाला त्याला पंगतीत बसवावे की आत द्यावे यावर घरात नेहमीप्रमाणे वाद झाला. शेवटी त्याच्या आईने चित्रांची पाटी त्याच्यापुढे धरली. त्याने आधी ताटावर बोट ठेवले आणि मग पाटी बाजूला सारून सरळ उंबरठ्याकडे बोट केले. मोठ्या मावशी म्हणाल्या, उंबरठ्यावर कधी पान मांडत नसतात. म्हणून उंबऱ्यापासून हातभर आत, पंगतीच्या शेवटच्या पानाला लागून मांडले. त्याने ते ओढीत उंबऱ्याला टेकविले, पाठ चौकटीला लावली, आणि चार चकल्या एकापुढे एक मांडून मोजून खाल्ल्या. मावशींनी पाचवी वाढली ती त्याने उचलून त्यांच्या पानात ठेवली.